बाटलीतला मनीप्लँट आणि मुळांचा वाफसा



शेतकी विभागाच्या पानावर ऊस सोडून मनीप्लँट कसा काय आला, असा प्रश्न काही मंडळींना पडेल. कारण साधे आहे. सभासद गट ऑफिसात खताच्या कामासाठी येतात, उसाचे बोलणे होते, आणि उठता उठता घरचा निरोप सांगतात, "साहेब, घरात बाटलीत वेल लावलाय. पाणी भरपूर आहे, तरी पानं पिवळी पडत्यात. मंडळींनी विचारायला सांगितलंय, थोडा युरिया टाकू का?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की त्याचे उत्तर एकदा छापूनच द्यावे असे आम्ही ठरविले. शिवाय या उत्तराच्या पोटात उसाचेही एक उत्तर आहे. ते पुढे येईलच.

युरियाचे उत्तर एका शब्दात: नको. का नको, ते सावकाश पाहू.

मूळ पाणी पिते, तसा श्वासही घेते

मुळाचे काम पाणी ओढणे, एवढेच आपण धरून चालतो. परंतु मूळ श्वासही घेते. पानात तयार झालेली साखर खाली मुळापर्यंत उतरते आणि तिथे प्राणवायूच्या मदतीने ती जाळून मूळ आपली ताकद मिळवते. या ताकदीवर मूळ वाढते आणि पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्ये आत घेते. प्राणवायू संपला की मूळ प्रथम वाढायचे थांबते, मग गुदमरते, मग सडते. सडलेल्या मुळाला पाणी घेता येत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड तहानेने मान टाकते. पाहणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले, आणि तो बाटली काठोकाठ भरतो. रोग तिथेच बळावतो.

आपल्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. त्याच्याजवळ वाफसा हा शब्द आहे. जमिनीतल्या बारीक पोकळ्यांमध्ये साधारण निम्मे पाणी आणि निम्मी हवा असते तेव्हा वाफसा आला असे आपण म्हणतो, आणि मग पाभर किंवा कोळपे घालतो. मूळ खरे वाढते ते वाफशात, चिखलात नव्हे. बाटलीत तर नुसते पाणीच पाणी. तिथे वाफसा कुठून आणायचा, हा सगळा प्रश्न आहे.

थोडे आकडे पाहू. हवेच्या १०० भागांत २१ भाग प्राणवायू असतो. एक लिटर हवेत तो वजनाने सुमारे २७५ मिलिग्रॅम भरतो. एक लिटर पाण्यात मात्र, पाणी २५ अंश सेल्सिअस असताना, जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे तीस पटींहून अधिक फरक. त्यातही पाणी तापले की तो आणखी कमी होतो. ३५ अंशांच्या पाण्यात साधारण ७ मिलिग्रॅमच मावतो, आणि त्याच वेळी उष्णतेने मुळाची भूक मात्र वाढलेली असते. एप्रिल-मेमध्ये खिडकीतल्या बाटल्या का सडतात याचे उत्तर इथे मिळते.

दुसरी गोष्ट अशी की प्राणवायू हवेत ज्या झपाट्याने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो स्थिर पाण्यात पसरतो. बाटलीच्या तोंडाशी पाणी हवेला लागते, पण तिथला प्राणवायू तळाशी असलेल्या मुळापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. अरुंद तोंडाची बाटली काठोकाठ भरली तर हवेला शिरायला दारच उरत नाही. म्हणून बाटली गळ्याच्या खाली दोन बोटे रिकामी ठेवावी. वेलाची काही मुळे पाण्याच्या वर, ओलसर हवेत राहिली तर चांगलेच. त्यांचा वाफसा तोच.

मग असा प्रश्न येतो की मनीप्लँट पाण्यात जगतोच कसा, आणि तूर किंवा हरभरा दोन दिवसांत का बसतो? कमळाचा देठ मोडून पाहा. आत उभ्या पोकळ नळ्या दिसतील. पानाकडून हवा खाली जाण्याचे हे रस्ते. कोकणातला भात गुडघाभर चिखलात उभा राहतो तोही असल्याच हवेच्या वाटांवर. काही झाडे पाण्यात नवीन मूळ फोडताना त्यात अशा पोकळ्या ठेवतात. मनीप्लँट त्यातलाच. तो आपल्या अळूच्या कुळातला आहे. त्याचे मूळ गाव पॅसिफिक महासागरातले मोरेआ नावाचे बेट. झाडाच्या खोडाला धरून वर चढायचे आणि पेरापेरातून हवेत मुळ्या सोडायच्या, ही त्याची जात. त्यामुळे माती नसली तरी तो बावरत नाही.

इथे एक सावधगिरी. कुंडीत वाढलेला वेल उपटून, मुळे धुऊन पाण्यात ठेवला तर ती जुनी मुळे बहुधा सडतात, कारण ती मातीतल्या वाफशासाठी तयार झालेली असतात. सडकी मुळे कापून टाकावीत आणि नवीन येण्याची वाट बघावी. त्यापेक्षा ताजा तुकडा कापून लावणे केव्हाही सोयीचे.

तुकडा घ्यावा तो बेण्यासारखा

उसाचे बेणे तोडायला येणाऱ्या माणसाला मनीप्लँट लावायला शिकवावे लागत नाही. टिपरीवर जसा डोळा असतो आणि त्याच्या लगत मुळांच्या बारीक ठिपक्यांचा पट्टा असतो, तसाच मनीप्लँटच्या प्रत्येक पेरावर एक डोळा आणि एक तपकिरी टोक असते. ते टोक म्हणजे मूळच. पेर नसलेले नुसते पान पाण्यात ठेवले तर ते महिनोन्‌महिने हिरवे राहील, पण त्यातून वेल कधी फुटणार नाही.

तीन-चार पेरांचा निरोगी तुकडा घ्यावा. खालच्या पेराच्या अर्धा इंच खाली धारदार ब्लेडने कापावा. बोथट कात्रीने चेंगरलेला देठ लवकर कुजतो. खालचे एक किंवा दोन पेर पाण्यात जातील इतकेच पाणी भरावे आणि पाण्यात बुडणारे पान आधी काढून टाकावे. बुडालेले पान हमखास कुजते आणि पाणी नासवते. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. थंडीत जास्त दिवस लागतात. चोरून आणलेला मनीप्लँट अधिक चांगला लागतो आणि पैसा आणतो असे म्हणतात. आमच्या मते मागून आणलेलाही तितकाच चांगला लागतो. शिवाय शेजार राहतो.

मनीप्लँटशिवाय सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, कोलियस, ट्रेडेस्कॅन्शिया ही झाडे पाण्यात सहज येतात. लकी बांबू म्हणून जो विकतात तो बांबू नव्हेच, ड्रॅसिना जातीचे आफ्रिकेतले झाड आहे. तोही पाण्यात राहतो, पण खारट पाण्याने त्याच्या पानांची टोके करपतात. बाजारातल्या पुदिन्याच्या जुडीतल्या चार काड्या खालची पाने काढून पेल्यात ठेवल्या तर त्यांना थोड्याच दिवसांत मुळ्या येतात आणि चटणीची सोय होते. आणि विकत काहीच आणायचे नसेल तर एक रताळे घ्या. त्याला मधोमध झाडूच्या तीन काड्या टोचा, रुंद तोंडाच्या बरणीवर असे टेकवा की खालचे निम्मे पाण्यात राहील. यासारखा झटपट आणि फुकटातला वेल दुसरा नाही. कोरफड, निवडुंग असल्या अंगात पाणी साठविणाऱ्या झाडांच्या नादी मात्र या कामात लागू नये.

पाणी कोणते, बाटली कोणती

नळाच्या पाण्यात औषध टाकलेले असेल तर ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून सकाळी वापरावे. विहिरीचे पाणी बहुतेक ठिकाणी चालते. बोअरचे पाणी पिताना मचूळ लागत असेल आणि भांड्याच्या काठावर पांढरा थर धरत असेल, तर ते टाळावे. घरातल्या फिल्टरच्या नळीतून वाया जाणारे पाणी तर मुळीच नको. सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. पावसाचे पाणी उत्तम. उकळून गार केलेले पाणी वापरायचे झाल्यास, चहा वरखाली करतो तसे दोन भांड्यांत चार-पाच वेळा ओतून घ्यावे, कारण उकळताना त्यातली विरघळलेली हवा निघून गेलेली असते.

पांढऱ्या काचेच्या बाटलीत मुळे दिसतात, शोभाही येते. पण उजेड आत गेला की शेवाळ धरते. हे शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू घेते आणि मेल्यावर कुजून आणखी प्राणवायू खाते. तपकिरी किंवा हिरवी बाटली बरी. नाहीतर पांढऱ्या बाटलीला बाहेरून जाड कागद गुंडाळावा. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी घरात आणू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

जागा भरपूर उजेडाची हवी, उन्हाची नको. पूर्वेची खिडकी सर्वात चांगली. पश्चिमेच्या उन्हात बाटलीतले पाणी चहाच्या आधणासारखे तापते आणि वर सांगितलेला सगळा घोटाळा होतो. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात वेल मरत नाही, पण लांबच लांब कांडी आणि बारीक पाने काढत राहतो. बाटलीतल्या वेलाचे पान तळहाताएवढेच राहते म्हणून खंत करू नये. हाच वेल बाहेर नारळावर किंवा आंब्यावर चढला की पान सुपाएवढे होते. वर चढायला मिळाले तरच तो मोठे पान काढतो. ते बाटलीत साधत नाही.

नुसत्या पाण्यावर झाड किती दिवस?

हा प्रश्न जुना आहे. बेल्जममधल्या व्हॅन हेल्माँट नावाच्या एका वैद्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती घटली अवघी दोन औंस. झाड पाण्याचेच बनते असा त्याने निष्कर्ष काढला. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापले गेले. झाडाच्या अंगाचा मोठा हिस्सा हवेतून येतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, आणि त्या दोन औंसांत काय होते हेही त्याने पाहिले नाही. पुढे १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्डने पुदिन्याच्या काड्या वेगवेगळ्या पाण्यात ठेवून तोलल्या. पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षा बागेची माती कालवलेल्या पाण्यात पुदिना जास्त वाढला. त्या दोन औंसांचे महत्त्व इथे दिसू लागले. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि नॉप यांनी मोजून-मापून क्षार विरघळवले आणि मातीशिवाय झाडे वाढवून दाखवली. आपल्याकडे १९४६ पासून बंगालमध्ये कालिंपाँगच्या बाजूला शोल्टो डग्लस यांनी बिनमातीच्या शेतीचे प्रयोग केले.

आज आपण जाणतो की झाडाला १७ अन्नद्रव्ये लागतात. त्यातली कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून मिळतात. बाकीची १४ मुळातून यावी लागतात. नुसत्या पाण्यातला मनीप्लँट सुरुवातीला अंगातल्या शिलकीवर आणि पाण्यातल्या थोड्याफार क्षारांवर जगतो. काही महिन्यांनी जुनी पाने फिकी पडू लागतात, कारण झाड त्यांतला नत्र काढून नव्या पानाला देते.

तेव्हा खत लागते हे खरे, पण किती? ठिबकसाठी आपण आणतो ते १९:१९:१९ चे विद्राव्य खत घरात असते. त्यातले चहाच्या चमच्याने एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, २० लिटरच्या बादलीत विरघळवावे. त्यातून बाटलीपुरते घ्यावे आणि उरलेली बादली परसातल्या झाडांना घालावी. मुळे दोन इंच झाल्याशिवाय हेही देऊ नये. नंतर महिन्यातून एकदा, तेही पाणी बदलताना. बाकीच्या आठवड्यांना साधे पाणी. फवारणीला वापरतो त्या मापाने बाटलीत खत घातले तर खारपड जमिनीत उसाचे जे होते तेच बाटलीत होईल: बाहेरचे क्षार मुळातलेच पाणी ओढून घेतील.

आणि युरिया? त्याचा पाण्यात अमोनिया होतो. अमोनिया मुळांना भाजतो, शिवाय त्याचे पुढे नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खर्च करतात. आधीच लिटरमागे ८ मिलिग्रॅम. त्यात हा वाटेकरी. रानात हवा खेळती असते म्हणून निभावते, बाटलीत निभावत नाही. साखर, दुधाचे पाणी, चहाचा चोथा हेही काही घरांत घालतात. त्याने कुजवणाऱ्या जिवाणूंची मेजवानी होते, झाडाची नव्हे.

घरातली हवा शुद्ध होते म्हणून काही जण बाटल्यांची रांग लावतात. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत झाडे ठेवून प्रयोग केले होते, त्यावरून ही समजूत पसरली. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला तेव्हा दिसले की दारे-खिडक्या असलेल्या खोलीत तसा परिणाम हवा असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. म्हणजे माणसांनी बाहेरच झोपावे. झाड डोळ्यांना बरे वाटते म्हणून ठेवावे, तेवढे कारण पुरे आहे.

आशाताईंपासून बाटली लपवू नका

आता सर्वात महत्त्वाचा भाग. गावात डेंग्यूची तपासणी सुरू झाली की आशाताई घरोघर येतात आणि साठलेले पाणी ओतायला सांगतात. त्या येताना दिसल्या की मनीप्लँटची बाटली पडद्यामागे किंवा कपाटावर सरकवली जाते. वेल ओततील, टाकून देतील, ही भीती. पण ज्या पाण्याची त्या चौकशी करतात, ते नेमके हेच पाणी.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात अंडी घालत नाही. त्याला स्वच्छ, स्थिर, सावलीतले पाणी लागते: हौद, रांजण, फ्रिजमागचा ट्रे, टायर, कुंडीखालची बशी, आणि मनीप्लँटची बाटली. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, आणि चावतो दिवसा. शाळेतून आलेले पोर दुपारी त्या खिडकीशीच अभ्यासाला बसते. हा डास फार दूर उडत नाही. बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचे जन्मस्थान असते. घरात डेंग्यूचा ताप आला तर डास शेजारच्या आळीतून आला असेल, पण आपल्याच खिडकीतूनही आला असेल.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी बदलायचे. दहा दिवसांनी चालणार नाही, आणि "परवाच तर बदललं" हेही चालणार नाही. वार ठरलेला हवा. आठवडी बाजाराचा वार धरावा म्हणजे विसरत नाही.

नुसते पाणी ओतून नवे भरणे मात्र पुरेसे नाही. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या काचेला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून बाटली आतून ब्रशने घासली पाहिजे. अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश जात नसेल तर मूठभर जाडी वाळू आणि थोडे पाणी घालून जोरात हलवावे. आमचे मत विचाराल तर रुंद तोंडाची लोणच्याची बरणीच घ्यावी. हात आत जातो, घासता येते, आणि मुळांना हवाही जास्त मिळते. मुळेही हलक्या हाताने धुऊन घ्यावीत, बुळबुळीत झालेली कापून टाकावीत. तोंडाशी वेलाभोवती पातळ सुती चिंधी सैल बसवावी. हवा जाते, डास जात नाही. परंतु चिंधी लावली म्हणून आठवड्याचा वार चुकवू नये.

काही ठिकाणी डासासाठी पाण्यावर रॉकेलचे किंवा तेलाचे दोन थेंब टाकतात. त्याने अळ्या मरतील, पण तवंग बसला की हवेचा रस्ता बंद, आणि आठवड्यात मुळेही जातील. जुने पाणी गटारात किंवा मोरीत ओतू नये. कोरड्या मातीवर ओतावे. त्यात अळ्या असल्या तर त्या तिथेच मरतात.

गमतीची गोष्ट अशी की डासासाठी आठवड्याला पाणी बदलणे आणि मुळासाठी ताजी हवा पुरविणे ही दोन्ही कामे एकच आहेत. ज्या घरात बाटली दर बाजाराला घासली जाते, तिथल्या वेलाची मुळे पांढरीशुभ्र असतात. ज्या घरात पाणी फक्त वरून भरले जाते तिथे मुळे तपकिरी, पाणी कुबट. आशाताईंना बाटली खुशाल दाखवा.

लहान मुलांच्या घरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अळू जसा खाजतो तसा मनीप्लँटही खाजतो. त्याच कुळातला, त्याच सुईसारख्या बारीक कणांमुळे. रांगत्या पोराने पान चावले तर तोंडाची आग होते, सूज येते. बाटली उंचावर ठेवावी, छाटलेला वेल जनावरांच्या वैरणीत टाकू नये.

आता उसाकडे

बाटलीतले पिवळे पान पाहून युरियाचा डबा उघडणारा हात, तोच हात रानात पिवळा ऊस पाहून युरियाचे पोते उघडतो. भारी काळ्या रानात पाटाचे पाणी आले की सरी तुडुंब भरायची, चार दिवस पाणी हलत नाही, आणि आठवड्याने ऊस पिवळा. मग युरिया, आणि त्यावर पुन्हा पाणी. अशा वेळी जमिनीत काय चालले आहे ते बाटलीवरून ओळखावे. पोकळ्यांतली हवा पाण्याने हाकलून दिलेली. उरलासुरला प्राणवायू मुळे आणि जिवाणू दोन-चार दिवसांत संपवतात. त्यानंतर काही जिवाणू प्राणवायूसाठी नायट्रेटवर तुटून पडतात आणि त्याचा वायू करून हवेत सोडतात. म्हणजे पैसे देऊन घातलेल्या नत्राचा काही भाग उसाला न लागता उडून जातो. ऊस पिवळा दिसतो तो रानात खत नाही म्हणून नव्हे. असलेले खत घ्यायला मूळच उरले नाही म्हणून.

खत टाकण्याआधी खुरप्याने एक बुंधा उकरून मुळे बघा. पांढरी, टणक असतील तर नत्राचा विचार करा. काळी पडली असतील, चिमटीत सालटे निघत असेल, कुजका वास येत असेल तर पाण्याची पाळी लांबवा, सरीच्या शेवटी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, आणि नवीन पांढरी मुळे दिसल्यावरच खत द्या. ठिबकवर हेच साधते. रोज थोडे पाणी, आणि रानात हवा कायम. ज्या रानात दरवर्षी पाणी साठते तिथे जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकण्याचा विचार करावा. तो खर्चाचा विषय आहे, त्यावर वेगळे लिहू.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी ज्यांनी ऊस पाहिला, त्यांना आठवत असेल: शेंडा बुडाला नव्हता अशा उसाने पाण्याच्या पातळीजवळच्या पेरांतून पांढऱ्या मुळ्यांची झालर काढली होती. खालची मुळे गुदमरली म्हणून उसाने वर नवीन तोंडे उघडली. मनीप्लँट पेरातून हवेत मूळ काढतो, त्याचीच ही आवृत्ती.

घरात शाळकरी मुले असतील तर त्यांच्याकडून हे करून घ्यावे. एका डोळ्याच्या दोन ताज्या टिपऱ्या घ्या. एक पेल्यात अशी उभी करा की डोळा पाण्यावर राहील आणि पेराजवळचा मुळांचा पट्टा जेमतेम पाण्याला टेकेल. दुसरी दुसऱ्या पेल्यात पूर्ण बुडवा. दोन्हींवर सुती कापड बांधा. पहिल्यातले पाणी रोज बदला, दुसऱ्यातले बदलू नका; पण सातव्या दिवशी दोन्ही पेले रिकामे करा. पहिलीला पट्ट्यातून बारीक मुळ्या फुटलेल्या दिसतील. दुसरीचा वास घ्यायला सांगा. टिपरीतली साखर पाण्यात उतरून आंबलेली असते.

पहिली टिपरी परसात लावून टाकावी. आणि आपल्या रानातल्या बुंध्याची मुळे काळी निघाली तर तो बुंधा मातीसकट पोत्यात घालून गट ऑफिसात आणावा, किंवा चिटबॉयकडे निरोप द्यावा. शेतकी मदतनीस रानात येऊन पाहील. खताचे पोते तोपर्यंत बांधलेलेच राहू द्यावे.